मामांचा मिक्सर

राजुरीच्या पंचक्रोशीत आवाजांचा एवढा हावरा माणूस दुसरा झाला नसेल. हे आमच्या आत्याचे यजमान. आम्ही त्यांना मामा म्हणत असू. पारगावच्या साखर कारखान्यात ते वायरमन होते. कुणाला खाण्याची हौस असते, कुणाला कपड्यांची. मामांना कुरकुर, खडखड आणि ठणठण यांची होती. रस्त्यात उसाची बैलगाडी दिसली की स्कूटर तिथंच सोडून, टेपरेकॉर्डर छातीशी धरून ते चाकाच्या कडेनं पळत. गाडीवान घाबरून विचारी, "काय झालं राव? चाक निखळलं का काय?" मामा ओठांवर बोट ठेवून त्यालाच गप्प करत. आत्या भाकरी थापायला बसली की परातीपाशी माइक येई. "जरा लयीत थाप की," असं ज्या दिवशी म्हणाले, त्या दिवशी उपाशी राहिले.

नव्वदच्या दशकात त्यांनी जुना व्हिडिओ कॅमेरा आणला आणि आवाजांना चित्रांची जोड मिळाली. शिकवणारं कुणी नव्हतं. एकदा चालू कॅमेरा चुकून टीव्हीसमोरच धरला गेला, तर टीव्हीत टीव्ही, त्यात आणखी टीव्ही, असा न संपणारा बोगदा दिसला. मामांनी लगेच बैलगाडीची टेप लावली आणि चाकाच्या कुरकुरीवर कॅमेरा हलवू लागले. बोगदा नाचायला लागला. आत्यानं मुकाट्यानं हळदकुंकू आणून टीव्हीला लावलं. पुढं ते लग्नांचं शूटिंगही करू लागले, पण कळंबच्या एका लग्नाची कॅसेट बघून वरबाप दारात येऊन उभा राहिला. "पावणं, दोन तास ताशेवाल्याचे हात दिसत्यात. नवरदेव कुठं हाय?"

"त्याचा आवाजच न्हाई आला," मामा शांतपणे म्हणाले.

एकदा पुण्याहून मिक्सर आणतो म्हणून गेले. आत्यानं आनंदानं डाळ भिजत घातली. मामांनी आणला तो चित्रांचा मिक्सर. बटन दाबलं की माणसाभोवती बदाम उमटत, चेहऱ्याचे चार तुकडे होत. डाळ शेवटी पाट्यावरच वाटली गेली आणि दोन दिवस घरात फक्त टेपरेकॉर्डर बोलत होता.

त्याच सुमारास मामांचे जिवलग मित्र, भजनी मंडळाचे पखवाजवाले अण्णा, ठार बहिरे झाले. नजरही अधू झालेली, त्यामुळे समोरच्या टाळकऱ्याचे हातसुद्धा धूसर दिसत. एकदा भजनात ताल चुकला, शेजारी बसलेला हसताना दिसला, आणि अण्णांनी पखवाज गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकला. देवळात येणंही सोडलं. मामांना ते सोसेना. त्यांनी कळंबहून ओळखीच्याकडून प्रोजेक्टर आणला, सभामंडपाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात स्वतःचं पांढरं धोतर ताणून बांधलं आणि मिक्सरमधून जोडलेला कॅमेरा टाळकऱ्याच्या हातांवर रोखला. धोतरावर सुपाएवढे हात दिसू लागले. अण्णांना जवळजवळ ओढतच आणून समोर बसवलं.

पहिल्या तालमीत पार विचका झाला. मिक्सरमधून चित्र सजून येईपर्यंत टाळ पुढं निघून जाई, आणि अण्णांची थाप त्याच्या मागं. अण्णा पखवाज बाजूला सारत म्हणाले, "कशाला माझं हसं करतो? मला न्हाई जमायचं आता."

मामांनी उठून मिक्सरच्या वायरी उपसल्या आणि कॅमेरा सरळ प्रोजेक्टरला जोडला. बदाम गेले, चांदण्या गेल्या. उरले दोन रापलेले हात आणि टाळ.

एकादशीच्या दुपारी देऊळ भरलं होतं. लोकांकडं पाठ करून, धोतरावर नजर लावून अण्णा बसले. पहिल्या अभंगाला थाप जरा दबकत पडली, दुसऱ्याला अशी पडली की गाणाराच क्षणभर थबकला. मामा कॅमेरा टाळकऱ्याच्या हातांवर धरून उभे. तासाभरानं धोतरावरचे हात थांबले, तसे अण्णाही थांबले. मागं टाळ्यांचा नुसता कडकडाट चालला होता. अण्णांना त्यातलं काहीच कळलं नाही. मान खाली घालून ते पखवाजाची दोरी चाचपत राहिले. मग मामांकडं न बघताच त्यांनी हळू विचारलं, "बरं झालं का रं?"

बोलून उपयोग नव्हता. मामांनी अण्णांच्या खांद्याला हात लावून धोतराकडं बोट दाखवलं, आणि कॅमेरा सावकाश लोकांकडं वळवला. अख्खं गाव तिथं टाळ्या वाजवत होतं. अण्णा कितीतरी वेळ बघत राहिले, आणि मग त्या धोतरालाच त्यांनी हात जोडले.