चौकटीवरचा गोल

ती खूण माझी होती. मॅडमची नव्हती.

आज पहाटे शैलजा मॅडम गेल्या. मला गप्प बसवणारं आता कुणी उरलं नाही, म्हणून लिहिते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मॅडम पुण्याहून पीएचडीच्या फील्डवर्कसाठी तिसगावला येऊन राहिल्या होत्या. विषय ऐकूनच लोक एकमेकांकडे बघायचे. पाळणा लांबवायचा की नाही हे घरात कोण ठरवतं, आणि बायका काय लपवतात.

मी नुकतीच बी.ए. झालेले. बौद्धवाड्यातली पहिली. मॅडमना बायांशी बोलायला इथलीच मुलगी हवी होती. मी चालण्यात वाघीण आणि बोलण्यात त्याहून जास्त. तेच नडलं.

कामाची पद्धत साधी. प्रत्येक घराच्या चौकटीवर गेरूने नंबर टाकायचा. फॉर्मवर तोच नंबर, नाव कुठेच नाही.

"उषा, नाव बाहेर गेलं की त्या बाईचं काही खरं नाही," मॅडम रोज बजावायच्या. संध्याकाळी फॉर्म मोजून पेटीत, पेटीला कुलूप.

पण सून बोलायला लागली की सासू शेजारी येऊन बसायची. आम्ही सुनेला विचारायचं, उत्तर सासूने द्यायचं.

मग एखादी सून नजरेनेच "मागून या" म्हणायची. अशा घराच्या नंबराभोवती मी गेरूने एक गोल काढायचे. लक्षात राहावं म्हणून. मॅडमना विचारलंसुद्धा नाही.

शेण खाल्लं मी.

तिसगावच्या पुढच्या एका गावात असे पाच गोल झाले. एक होता सत्तेचाळीस नंबरवर.

नवरा सुप्याला कंपनीत, रविवारी घरी यायचा. तीन मुली. सासू नातवासाठी उपास धरून बसलेली. सासू रानात गेल्यावर मी एकटीच गेले. ती बाजरी निवडत होती. खाली मान घालूनच बोलली.

माहेरी गेल्यावर तिने दिवस राहू नयेत म्हणून गुपचूप तांबी बसवून घेतली होती. नवऱ्याला माहीत नव्हतं, सासूला नव्हतं. तिसऱ्या बाळंतपणात मरता मरता वाचली होती ती.

"ताई, कागदावर जाऊ द्या," ती म्हणाली, "पन गावात जाऊ देऊ नगा."

मी म्हटलं, जीव गेला तरी नाही.

दोन दिवसांनी स्टँडजवळच्या हॉटेलात चहा पीत होते. गावातल्या एका माणसाने सहज विचारलं, "ताई, ते गोल कशाचे वो?"

"परत जायच्या घरांचे," मी म्हटलं. "बायांशी एकट्यात बोलायला."

तो हसला नाही. चहा अर्धा ठेवून उठला.

दुसऱ्या दिवशी गावात शिरलो तर दारं लोटलेली. एका चौकटीवरचा नंबर गोलासकट शेणाने सारवलेला. हापशावर बाया होत्या. आम्हाला बघून हंडे अर्धवट भरूनच निघून गेल्या.

मॅडमनी गोल बघितला. मला विचारलं. मी सांगितलं. वाटलं, थोबाडीत मारतील. त्या एवढंच म्हणाल्या, "गेरू आण."

अख्ख्या गावाला गोल काढले आम्ही. सरपंचाचं घर, शाळा, बंद घरंसुद्धा सोडली नाहीत. कुणी विचारलं की मॅडम सांगायच्या, मोजणी पुरी झाल्याची खूण आहे.

सत्तेचाळीसला पोचलो तेव्हा सासू दारातच उभी होती.

"आता कशापायी, बाई?" ती शांतपणे म्हणाली. "आमचा गोल पयलाच हाय."

दाराशी पुरुषाच्या चपला होत्या. वार बुधवार होता.

तिघी मुली ओट्यावर ओळीने बसलेल्या. धाकटीसुद्धा हालत नव्हती. आतून कसलाच आवाज येत नव्हता.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मॅडमनी माझं मनगट धरलं आणि मोठ्याने म्हणाल्या, "तो गोल मी काढलाय. माझी चूक आहे. सुनेला बोलवा."

"झोपलीय," सासू म्हणाली आणि दार लावून घेतलं.

परतताना मॅडम म्हणाल्या, "मी पुण्याला निघून जाईन. तुला इथंच राहायचंय, तुझ्या वाड्याला इथंच राहायचंय. खूण माझी. आयुष्यभर हेच सांगायचं."

आठवड्याने परत गेलो. सासू म्हणाली, म्हायेरी गेली.

माहेरी गेलो. म्हातारा बाप म्हणाला, "सासरीच हाय की ती. का वो? काय झालं?"

येष्टी येईपर्यंत मॅडम तिथल्या दगडावर बसून होत्या. मग उठल्या आणि सरळ पोलिस चौकीत गेल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एका बाईचं नाव घेतलं. अर्ज लिहून घेतला गेला. पुढे काही झालं नाही.

त्या गावाचे सगळे फॉर्म मॅडमनी थिसिसमधून काढले. गाईडना सांगितलं, डेटा माझ्या हातून खराब झाला. त्या गावात अजून म्हणतात, पुण्याच्या बाईने घर मोडलं. मी ऐकते आणि पुढे चालू लागते. तीस वर्षं हेच केलं.

दर दिवाळीला मॅडमचा फोन यायचा. फराळाचं विचारायच्या, पोरांचं विचारायच्या. शेवटी आवाज खाली आणून, "सत्तेचाळीसचं काही कळलं का गं?"

"नाही, मॅडम."

"बरं."

मागच्या महिन्यात दवाखान्यातूनही हेच विचारलं.

त्या तिघी मुली आता बाया झाल्या असतील. त्यातली एखादी हे वाचत असेल तर बाई, पुण्याच्या मॅडमना शिव्या देऊ नकोस. चौकटीवरचा तो गोल मी काढला होता. हॉटेलात तोंडही मीच उघडलं होतं. मी तिसगावातच आहे. ये.

मॅडम, कळलं नाही हो अजून. आता मनगट सोडा माझं. नमस्कार.