स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाचा

आमच्या वस्तीत असं बोललं जायचं, की चॅटवरचं 'कंट्रोल' हा माणूसच नाही. विद्यापीठातल्या कुणीतरी एक प्रोग्रॅम लिहून कुठल्याशा छपरावर सोडून दिलाय आणि तो आपोआप उत्तरं देत बसतो. पुरावे भक्कम होते. कंट्रोल कधी हसत नसे. कुणी वैतागून शिव्या घातल्या तर उत्तर यायचं, "ऐकलं. हुकूम तीन पुन्हा वाचा." कोपऱ्यावरचा न्हावी तर शपथेवर सांगायचा, की त्याने गंमत म्हणून कंट्रोलला लग्नाची मागणी घातली आणि उत्तर आलं, "आधी केबल दोन्ही टोकांना काढून पुन्हा लावा."

ते उत्तर खरं आहे. बाकी सगळं खोटं. कंट्रोल म्हणजे सेनाइदा बोउसा. वय चौसष्ट. कामागुए शहरातल्या ला विहिया वस्तीत, आमच्यापासून दोन दारं सोडून राहते. एक मांजर आहे, त्याच्याशीही ती 'तुम्ही' म्हणून बोलते.

एकतीस वर्षं ती रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात होती. रूळ एक, गाड्या दोन्ही बाजूंनी. ती फोनवर स्टेशनमास्तरला हुकूम द्यायची, स्टेशनमास्तर तो शब्दन् शब्द परत वाचून दाखवायचा, ती म्हणायची "बरोबर", आणि मग तो हुकूम ठरायचा. तोवर ते नुसतं बोलणं. "एकतीस वर्षांत 'समजलं' हा शब्द मी एकदाही घेतला नाही," ती सांगते. "समजलं म्हणणाऱ्यांच्याच गाड्या समोरासमोर येतात."

निवृत्त झाल्यावर भाच्याचं जुनं यंत्र, म्हणजे कॉम्प्युटर, तिच्याकडे आलं. त्यावर लिनक्स नावाची ऑपरेटिंग सिस्टिम होती. लिनक्सचं मॅन्युअल तिने रद्द झालेल्या वेळापत्रकांच्या पाठीवर छापून घेतलं आणि पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचलं. असं केलेल्या माणसांची संख्या आमच्या शहरात एक आहे.

आमच्या नेटमध्ये इंटरनेट नव्हतं. छपरांवरून ओढलेल्या केबली, चार अँटेना आणि त्यांच्या टोकांना आम्ही. त्यामुळे काही अडलं तर शोधायला जायला कुठे जागाच नव्हती. माहीत असलेला माणूस चॅटवर असला तर असला. सेनाइदा रोज दुपारी दोन ते सहा असायची. पद्धत तीच. एका वेळी एक हुकूम, हुकुमाला नंबर. तुम्ही तो करायचा आणि स्क्रीनवर जे उमटेल ते जसंच्या तसं लिहायचं. "झालं" लिहिलंत तर कंट्रोल गप्प. "चालत नाही" लिहिलंत तरी गप्प. पोरं कळफलक आपटून निघून जायची आणि अर्ध्या तासाने परत येऊन निमूट वाचून दाखवायची.

मी तिची नक्कल करते; तीच कंट्रोल आहे, एवढंच सांगत नाही. पावाच्या रांगेत फर्माइश होते. चष्मा कपाळावर, नाकाने एक लांब श्वास, मग मांजराकडे बघत, "वाचा." माणसं हसता हसता रांगेतली जागा घालवतात. सेनाइदाने एकदा मागे उभी राहून पूर्ण पाहिलं आणि म्हणाली, "श्वास डाव्या नाकपुडीने असतो. उजवी बंद आहे माझी."

त्या एप्रिलमध्ये तिला शनिवारी फ्लोरिदाला जायचं होतं, बहिणीच्या वाढदिवसाला. आमचं फ्लोरिदा, ट्रकने एक तास. समुद्रापलीकडचं ते वेगळं.

"मावशी, मी बसते ना तुझ्या खुर्चीवर," मी म्हटलं. "कुणाला कळणार नाही."

"कळेल."

"तुझं बोलणं पाठ आहे मला."

"बोलणं पाठ आहे. गप्प बसणं नाही."

"लाव पैज. तू परत येईपर्यंत कुणी ओळखलं तर माझी या महिन्याची रेशनची पाच अंडी तुझी. नाही ओळखलं तर दर शनिवारी खुर्ची माझी."

"आईला विचारलंत?"

"अंडी माझी आहेत."

"मी विचारते." आणि तिने खरंच भिंतीवरून हाक मारून विचारलं. आई कपडे पिळत होती. म्हणाली, "लाव गं सेनाइदा. ही तशीही अंड्याला नाकं मुरडते."

शनिवारी दोन वाजता मी कंट्रोल झाले. पहिले तिघे सहज गेले. एकाचा आवाज येत नव्हता, एकाचा पासवर्ड हरवला होता, एकाला नुसतं बघायचं होतं की कंट्रोल जागेवर आहे का. मी लिहिलं, "आहे." तो समाधानाने गेला.

अडीचला 'दाढ' आला.

दाढ म्हणजे एवेलिओ सारिओल, कवळ्या बनवणारा. नवव्या वर्षी तापात त्याचे दोन्ही कान गेले. रस्त्यात लोक त्याच्या तोंडासमोर तोंड आणून, जबडा वासून ओरडतात, आणि तो धंद्याच्या सवयीने त्यांचे दात बघत उभा राहतो. चॅटवर कुणी ओरडत नाही. तिथे एवेलिओ सगळ्यांत बडबड्या होता. सर्वांत लांबलचक विनोद त्याचे, गुरुवारी डॉमिनोचा डाव त्याचा, आणि हरल्यावरची तक्रारही त्याचीच.

त्याने लिहिलं, "कंट्रोल, मला वाचवा. सहा वाजता रोयलान माझी केबल कापणार आहे."

रोयलानच्या छपरावर आमच्या लाइनच्या केबली जोडणारा स्विच होता. त्याला आठ भोकं, आठ घरं, आणि नववं घर वर्षभर वाट बघतंय. एवेलिओचं यंत्र सुरू झालं की लाइनवरचं कुणीतरी पडायचं, म्हणजे नेटवरून गळायचं, मग तोही पडायचा. आठवडाभर लोकांनी रोयलानचं डोकं खाल्लं होतं. त्याने सकाळीच सगळ्यांसमोर लिहिलं होतं, "दाढचं यंत्र सहापर्यंत सुधारलं तर ठीक. नाहीतर भोक पुढच्या घराला." म्हणजे केबल एकदा गेली की गेली. एवेलिओने खाली जोडलं, "घरी फोन आहे. पण तो मला ऐकू येत नाही, म्हणून शेजारणीला दिलाय."

मी डाव्या नाकपुडीने श्वास घेतला.

"ऐकलं. हुकूम एक. केबल काढून पुन्हा लावा."

"झालं."

"हुकूम दोन. काळी खिडकी उघडा आणि यंत्राचा नेटवरचा पत्ता दाखवणारी कमांड द्या." कमांडही लिहून दिली.

"झालं."

पत्ता काय, प्रत्येक यंत्राचा वेगळा नंबर, रोयलाननेच वहीत लिहून प्रत्येकाला दिलेला असतो, तो कशाला चुकेल? मी पुढे गेले. केबलच सडली असणार याची मला खात्री होती.

"हुकूम तीन. छपरावर जा. केबलच्या जोडात पाणी शिरलंय का बघा, पुसून टेप गुंडाळा."

पंचवीस मिनिटांनी, "झालं. वर वारा छान आहे. शेजाऱ्याची कबुतरं माझ्यावर नाराज दिसली." सहा मिनिटं तो टिकला, मग पडला. अकरा मिनिटांनी आला. हुकूम चार, केबलच बदला. कुणाकडून तरी मागून आणली, बदलली, आला, पडला. हुकूम पाच, पुन्हा छप्पर.

पाच वाजून दहा मिनिटांनी त्याने लिहिलं, "एक विचारू? तुम्ही कोण?"

"कंट्रोल."

"नाही. हुकूम दोनला मी 'झालं' लिहिलं आणि तुम्ही ते घेतलंत. गेल्या वर्षी मी 'झालं' लिहिलं होतं तेव्हा कंट्रोलने मला चाळीस मिनिटं ताटकळत बसवलं होतं. आज मला वाटलं तब्येत बरी नसेल. पण तुम्ही मला दोनदा छपरावर चढवलंत. तुम्ही जे कोणी असाल ते, माझ्याकडे पन्नास मिनिटं आहेत."

हे चॅटवर एकोणीस जणांनी वाचलं. खाली न्हाव्याने लिहिलं, "म्हणजे कंट्रोल कुणीतरी आहे?"

मी खुर्चीवर बसून एवेलिओचं नाव लाइनवरून पुसलं जाताना बघत होते, तेवढ्यात दारात पिशवी ठेवल्याचा आवाज आला. बहिणीने केक लवकर कापला होता. सेनाइदाने उभ्याउभ्याच सगळं वाचलं, वरून खालपर्यंत. मी उठले. ती बसली.

"मावशी, रोयलानला सांग ना थांबायला."

"कशाला? पस्तीस मिनिटं आहेत."

"तो पडलाय!"

"येईल."

आणि ती थांबली. मांजर येऊन बसलं. मी दोनदा कळफलकाकडे हात नेला, तिने दोनदा नुसतं माझ्या हाताकडे बघितलं. पाच एकतीसला एवेलिओ आला.

"कंट्रोल आलं," तिने लिहिलं. "हुकूम दोन पुन्हा. स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाचा. ओळीच्या पहिल्या अक्षरापासून."

"पहिला शब्द युसिमी. मग तो शेपटीवाला ए. मग पुन्हा युसिमी. मग कमांड. खाली पुष्कळ आकडे. पत्त्याचा शेवटचा आकडा एकतीस."

सेनाइदाने खणातून रोयलानच्या वहीची प्रत काढली. एवेलिओच्या नावापुढे सत्तेचाळीस होता. एकतीस होता युसिमी नावाच्या पार्लरवालीचा, तीन घरं पलीकडे.

"तुमच्या स्क्रीनवरची युसिमी कोण?" तिने लिहिलं.

"मला वाटलं कारखान्याचं नाव. माझ्या फ्रिजवर रशियन नाव आहे."

"लिनक्स कुणी टाकून दिलं?"

"दुरुस्तीवाल्याने. अर्ध्या तासात. त्याच्या टेबलावर कुणाचं तरी यंत्र उघडं होतं, त्यातली डिस्क माझ्या डिस्कवर अख्खी कॉपी केली. चांगली केली, कंट्रोल. आत नखांच्या रंगांची एक यादीसुद्धा आहे. मला वाटलं लिनक्सबरोबर येते."

त्याच्या यंत्रात दुसऱ्या बाईचं नाव, दुसऱ्या बाईचा पत्ता आणि दुसऱ्या बाईचं नेलपॉलिश होतं. एकाच पत्त्यावर दोन घरं. तो सुरू झाला की युसिमी पडायची, ती परत उठली की तो. आणि हे सगळं दुपारी अडीचपासून त्याच्या स्क्रीनवर लिहिलेलं होतं.

"हुकूम तीन. यंत्राचं नाव बदला," सेनाइदाने लिहिलं. त्याने बदलून वाचून दाखवलं. "बरोबर. हुकूम चार. ही फाइल उघडा, एकतीसच्या जागी सत्तेचाळीस करा, सेव्ह करा, बंद करा. पुन्हा उघडून वाचा." त्याने वाचलं. शेवटी एक टिंब राहिलं होतं. "पुन्हा." त्याने पुन्हा केलं. मधे एकदा पडलाही. ती मांजराच्या कानातली गोचीड शोधत बसली.

"हुकूम पाच. यंत्र बंद करून सुरू करा."

पाच सत्तावन्नला तो गेला.

सहाला रोयलानने लिहिलं, "छपरावर आहे. पक्कड हातात आहे. काय करू?"

"दोन मिनिटं."

"कंट्रोल, मला डासही चावतायत."

सहा वाजून एक मिनिटाला 'दाढ' हे नाव उमटलं. सहा वाजून दहाला ते तिथेच होतं, आणि खाली युसिमीने कुणालातरी उद्देशून हसरा चेहरा टाकला होता. आठवड्यात पहिल्यांदा दोघं एकाच वेळी लाइनवर होती.

"रोयलान, कापण्याचा हुकूम रद्द," सेनाइदाने लिहिलं. "वाचा."

"कापण्याचा हुकूम रद्द."

"बरोबर. खाली या."

एवेलिओने लिहिलं, "युसिमीबाई, तुमचा तो 'संध्याकाळचा प्रवाळ' रंग संपत आलाय असं यादीत दिसतंय." मग तो रात्रीच्या जेवणापर्यंत गप्प बसला नाही.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी अंडी घेऊन गेले. सेनाइदाने एकेक अंडं खिडकीच्या उजेडासमोर धरलं, फिरवलं, वाडग्यात ठेवलं. चौथ्यावर थांबली. त्याला केसाएवढा तडा होता.

"पैज पाच अंड्यांची होती," ती म्हणाली.

"ही पाचच आहेत, मावशी."

"चार आहेत. आणि एक तडा."

मी घरी गेले. आईने आपल्या वाट्याचं एक काढून दिलं. ते सेनाइदाने जरा जास्तच वेळ खिडकीसमोर धरलं, आणि घेतलं.