गुणाजीकाकांचं लांबलेलं गाऱ्हाणं

भांडुपच्या टेकडीवरच्या चाळीत गुणाजीकाकांवाचून पान हलत नसे. गणपती असोत की पाण्याचा नवा पंप, नारळ हातात धरून देवाला गाऱ्हाणं घालावं ते काकांनीच. त्यांनी खड्या आवाजात "बा देवा म्हाराजा" म्हटलं की समस्त मालवणी मंडळी असेल तिथे हात जोडून "व्हय म्हाराजा" म्हणणार. अंगात मुरलेलंच ते.

एकदा शेजारचा निलेश बायकोवर हात उगारून ओरडत होता. काय करावं सुचेना, म्हणून काका दारातूनच गरजले, "बा देवा म्हाराजा!" निलेशचा हात वरच्या वर थबकला, खाली येऊन दुसऱ्या हाताला जुळला. "व्हय म्हाराजा!"

तेव्हापासून रोज नारळ. "राग त्या मेल्याचो, नि चटणी आमी खायची," काकांच्या पत्नी शांताबाई करवादायच्या. पण गाऱ्हाणं संपलं की हात पुन्हा उठायचाच. परवा तो लहानग्या अपूर्वावर उठला, तेव्हा तिच्या आईनं, सुलक्षणानं ठरवलं, आता इथे राहणं नाही. महिला केंद्रातली दर्शना रिक्षा घेऊन खाली आली. निलेश मात्र उंबऱ्यातच ठाण मांडून बसलेला.

"ऊठ रे, देव्हाऱ्यासमोर उभो रव!" काका नारळ घेऊन आत शिरले.

निलेशनं दाराकडे पाठ केली, डोळे मिटले. मायलेकी चपला हातात घेऊन मागून सटकल्या. गाऱ्हाण्यात नावं घेता घेता काकांचे गावचे देव संपले, मग वरच्या टाकीचा राखणदार झाला, मीटरच्या खोलीचा झाला, आणि त्या भरात तोंडून निघून गेलं,

"आज जी मायलेक घर सोडून जातत, तेंका सुखरूप ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हा... खंय जातत? ओ काका!"

निलेश दाराकडे धावला. गॅलरीत अख्खी चाळ हात जोडून उभी. शांताबाई पुढे झाल्या. "गाऱ्हाणा अर्धवट टाकून खंय चललंस? देव कोपलो तर?"

निलेश दात-ओठ खात थांबला. खाली रिक्षा नुसतीच खोकत होती, सुरू होईना. काकांनी नारळ पुन्हा वर धरला.

"ह्या रिक्षाच्या इंजिनात जो काय बिघाड असात, तो दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज निलेशचा. सवयच तशी.

इंजिन फुरफुरलं, रिक्षा उतारावरून निघाली. आवाज पार विरेपर्यंत काका कान देऊन उभे राहिले आणि मग गाऱ्हाणं तसंच सोडून, नारळ मांडीवर घेऊन मटकन खाली बसले.