जहाजाचं नाक आणि आमचे भाऊजी

भाऊजी, वाचून राग येईल. येऊ दे. ऑफिसात तुम्हाला ‘नाकवाले’ म्हणायचे आणि तुम्ही ती पदवी असल्यासारखी मिरवलीत.

जहाजाच्या पुढच्या टोकाला, पाण्याखाली, तो फुगीर गोळा, म्हणजे तुमचं ते ‘नाक’, कशाला असतो हे तुम्हीच मला परातीतल्या पाण्यात वाटी फिरवून दाखवलंत. गोळ्याची लाट जहाजाच्या लाटेला मारते, इंधन वाचतं. पण ठरलेल्या वेगालाच. वेग उतरला की तोच गोळा नुसता पाणी ढकलत बसतो.

मुख्य आराखडाकार म्हणून तुमचं ते पहिलं जहाज. सोमवारी आकडे कायम व्हायचे होते. तुम्ही जुन्या वहीतून तीन जहाजं काढलीत, त्यांच्यावरून गोळ्याचा छेद जहाजाच्या मधल्या छेदाच्या दहा टक्के धरलात. आणि वेग? मालकाच्या पत्रातला. अठरा नॉट.

“खरंच अठराने जाणार का हो ते?”

“वहिनी, पत्रात लिहिलंय.”

“लिहायला काय जातंय? त्याच मार्गावरचं त्यांचं जुनं जहाज किती वेगाने जातं, विचारलंत?”

“कोणाला विचारू?”

“कोणाला म्हणजे? त्याचा कप्तान आपल्या खालच्या मजल्यावर राहतो!”

तुम्ही चहा ढवळत बसलात. साखर घातलीच नव्हती.

“असं परस्पर विचारणं बरं दिसत नाही.”

“आणि उद्या नाक कापलं गेलं की बरं दिसेल?”

मीच विचारून येते म्हटलं, तर ते नको. “रविवारी चारला दोघं जाऊ.” रविवारी चारला मी चप्पल घालून तयार. सव्वाचारला समोरच्या तुमच्या घरातून फोन, पाहुणे आलेत. सहाला म्हणे, कप्तान झोपले असतील. सहाला कोण झोपतं हो? मीही हट्टाला पेटले, एकटी गेले नाही. तुमचं काम, तुम्ही या.

सोमवारी दहा टक्के कायम झाले. मंगळवारी कप्तान जहाजावर गेला.

तुमचं जहाज आयुष्यभर तेराने चाललं. चार वर्षांनी गोदीत तो गोळा कापून लहान बसवला, तोही तुमच्या हाताखालच्या पोरीने मोजून. त्या दिवशी तुम्ही रजा टाकलीत.

कप्तान निवृत्त होऊन खालीच राहतो. तेव्हा त्याने तेराच सांगितलं असतं का, हे तुम्हाला अजून विचारायचंय. दर खेपेला म्हणता, “वहिनी, येत्या रविवारी नक्की.” बावीस पायऱ्या आहेत. मी मोजल्यात. उतरलो मात्र दोघंही नाही.