चकाचक अण्णासाहेब

अण्णासाहेब कलाशाळेत शिरले की आधी भिंतीवर तळहात घासत आणि पांढरा झालेला हात आम्हाला दाखवत. "ही काय शाळा हाय? हात लावला की चुना!" असा माणूस गावच्या कलाशाळेचा अध्यक्ष होता. चित्रातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, आणि कळत नाही याची लाजही नव्हती.

औंधच्या बाजूला आमचं गाव. शाळेचे निम्मे वर्ग पत्र्याच्या शेडमध्ये, निम्मे संस्थानाच्या जुन्या पागेत. पागेच्या भिंतीवर कुण्या जुन्या चिताऱ्याने काढलेले घोडे होते. मी तिथे चित्रकला शिकवतो. पुस्तकातला घोडा मी कधी कुणाला गिरवायला दिला नाही. समोर भिंत होती ना! धनगरवाड्यावरच्या शेवंताकाकू, नातवंडंवाल्या, मेंढरं विकून मोकळ्या झालेल्या, त्यातला एक घोडा रोज कागदावर उतरवत. उभ्या जन्मातलं त्यांचं ते पहिलं चित्र. मान, छाती, पुढचे पाय झाले होते.

दिवाळीच्या सुट्टीत अण्णासाहेबांनी पागा रंगवून घेतली. कुणी बडे पाहुणे येणार होते म्हणे. चुन्याच्या भिंतींना ऑइल पेंट, तोही गुलाबी, घोड्यांसकट! कुणाला विचारायची पद्धत त्यांच्या घराण्यातच नसावी.

"आवं अण्णा, माजा घोडा कुठं हाय?" शेवंताकाकूंनी विचारलं.

"म्हातारे, लय जुना झालता त्यो. आता कसं चकाचक! हात लावून बघ, काय लागतंय का?"

काकूंनी हात लावला. काहीच लागलं नाही. आपला कागद गुंडाळून त्यांनी कपाटावर ठेवला आणि गेल्या, त्या पुन्हा आल्या नाहीत. त्या माणसाचा मला इतका राग कधी आला नव्हता.

पुढच्या पावसाळ्यात भिंतीतली ओल रंगामागे कोंडली. रंग फुगला आणि पोपड्यांबरोबर घोडेही खाली आले. "भिंतच कच्ची व्हती," अण्णासाहेब म्हणाले, आणि शर्टाची बाही झटकून चालू लागले.

गेल्या महिन्यात ते वारले. शोकसभेत त्यांना कलेचा आधारस्तंभ म्हटलं गेलं. मी खाली मान घालून हसू दाबलं. पागेत त्यांचा फोटो लावायचं ठरलं, पण भिंतीत खिळा टिकेना. ठोकला की भुगा. शेवटी फोटो खुर्चीत बसवला.

त्या दिवशी मी काकूंचा कागद कपाटावरून काढून फळ्याला लावला. मुलं आता त्यावरूनच घोडा शिकतात. "सर, ह्याचं मागचं पाय कुठं हायती?" असं कुणी विचारलं की मी खुर्चीकडे बोट दाखवतो.