गाडी येईपर्यंत हात लावू नका

माझा बाप पलटणीच्या गाडीतून पडून मेला, असं भावकीत सगळे सांगतात.

खोटं आहे. पडला तेव्हा जिवंत होता. मेला दोन महिन्यांनी.

आज त्याची तिथी. फोटो टाकत नाही, कारण फोटो नाहीच.

सदतीस साल असेल. मी सात-आठ वर्षांची. इंग्रजाची पलटण वळसंगच्या बाजूला माळावर कवायतीला उतरली होती. आबा, म्हणजे माझा बाप, मेंढरं राखायचा, सगळा माळ पायाखालचा. म्हणून वाट दाखवायला त्याला गाडीत मागं बसवला.

ड्रायव्हरनं वाट सोडून गाडी ओढ्यात घातली.

आबा ओरडला म्हणे, "हितनं नगं सायब, दरड हाय!"

मराठी कुणाला कळतंय.

गाडी उलटली. आबाचा पाय खाली.

त्यांच्या तंबूतल्या डॉक्टरनं नडगीला प्लास्टर घातलं. ते मात्र चांगलं घातलं. दुभाष्यानं सांगितलं, "पंधरा दिवसांनी तपासायला न्यायला गाडी येईल. तोवर फोडायचं नाही. हात लावायचा नाही."

घरी आणून सोडला. चार दिवसांत पलटण तंबू उपटून निघून गेली.

आम्हाला वाटलं, गाडी येणार. साहेबानं सांगितलंय की.

पंधराव्या दिवसापासून आबा रोज पटका बांधून अंगणात घोंगडीवर तयार बसायचा. लांब धुरळा दिसला की म्हणायचा, "गोदे, बघ गं, गाडी आली का?"

मी पळत जायचे. कधी मेंढरं, कधी बैलगाडी.

"न्हाय की आबा."

"यील. सरकारी काम हाय, उशीर व्हतोच."

मग प्लास्टरवर घोट्यापाशी पिवळा डाग उठला.

आईला लाज वाटली. "सायब म्हणंल, किती घाण माणसं ही! गोदे, पांढऱ्या मातीचा हात फिरीव."

भिंतीला फिरवतात तसा मी फडक्यानं फिरवला. झकास पांढरं झालं. आबा हसला. "लई ब्येस. सासरची भिताडं उजळशील बघ."

तिसऱ्या दिवशी डाग परत. मी परत फडकं घेतलं. मग रोजच. वास यायला लागला तर आई ऊद जाळायची.

हाडं बसवणारा शिदाप्पा आला. दारातच नाक धरलं.

"फोडू दे मर्दा. आत नासलंय."

"सायबाची वस्तू हाय. फोडली तर धरून न्हेतील."

"सायब काय तुजा मेव्हणा हाय, वाट बघत बसलायस ते?"

आबानं ऐकलं नाही. ताप चढून बडबडायला लागला, तेव्हा शिदाप्पानं न विचारता हातोडी घातली. आईनं मला बाहेर काढलं. तोवर मी बघितलं होतं.

बैलगाडीत घालून सोलापूरला मोठ्या दवाखान्यात नेला. मीही बरोबर होते. तिथल्या डॉक्टरनं आईला एकच विचारलं.

"बाई, प्लास्टरवर डाग दिसला असेल ना? तेव्हाच आणला असता तर पाय गेला असता, माणूस राहिला असता."

आईनं माझ्याकडं बघितलं.

"न्हाय जी. डाग नव्हता."

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा गेला.

आई मरेपर्यंत यावर बोलली नाही. मीही नाही.

परवा नातसुनेच्या हाताला प्लास्टर घातलं. चेकअपला या म्हणून दवाखान्यातून तीनदा फोन. ती वैतागली, "किती पिडतात हो आजी!"

"उचल तो फोन, भवाने," मी इतक्या जोरात ओरडले की ती रडायलाच लागली. तिला कारण सांगायला पाहिजे, म्हणून हे लिहिलं.

तर सोलापूरचे डॉक्टर, तुम्ही आता कुठं असाल तिथं ऐका. डाग होता. रोज होता. मी झाकला.

खाली कुणी "आजी, तुम्ही लहान होता" असं लिहू नका. ते मला माहीत आहे.

पाय बघायचा राहिलाय, हे गाडी पाठवतो म्हणणाऱ्यालाही माहीत होतं. त्याला कुणी काही विचारलं नाही.

आबा, गाडी येणार नव्हती रे.

आता तो पटका सोड. रस्त्याकडं बघू नकोस.

नीज.