हूं द्यायला कुणी हाय का

वाचनालयाच्या दारावर 'आभासी कार्यक्रम' असा कागद चिकटवलेला बघितला तेव्हा मला आधी हसूच आलं. बारामतीत आमच्या घराजवळ हे वाचनालय आहे. तिथं कपाटाची किल्ली शोधण्यात अर्धा तास जातो. दोन पंख्यांपैकी एकच फिरतो आणि त्याच्याखालची खुर्ची मिळावी म्हणून म्हातारे दार उघडायच्या आधीच येऊन उभे असतात. आणि आता आभासी कार्यक्रम. घरात नाही दाणा आणि मला बाजीराव म्हणा, त्यातली गत.

मी गेले होते मोठ्या टाइपातलं पुस्तक मिळतंय का बघायला. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, मोठ्या टाइपातलं बालविभागात आहे, ससा-कासवाचं. चालेल का, असंही वर विचारलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी त्या कागदाकडं बोट केलं. दर शनिवारी संध्याकाळी पाच वाजता मोबाईलवर कथावाचन, घरबसल्या, फक्त नाव नोंदवायचं.

पुस्तक आबांसाठी हवं होतं. आबा म्हणजे माझे वडील. वरकुट्याला डाळिंबाची बाग, स्वभाव फटकळ, मी त्यांच्यावरच गेलेय. काचबिंदूनं दोन्ही डोळे जवळजवळ नेले तेव्हा भाऊ बागेचं बघायला लागला आणि दवाखान्याच्या फेऱ्यांसाठी आबांना मी माझ्याकडं आणलं. मोठा टाइप तरी दिसेल ही आशा माझी होती, डॉक्टरांची नव्हती. त्यातून आबांनी बोलणंच टाकलं. चहा देऊ? व्हय. झोपता का? न्हाय. दिवसाकाठी एवढंच. ज्या माणसानं ग्रामसभेत सरपंचाला घाम फोडला, तो माझ्या सोफ्यावर गुडघे जुळवून पाहुण्यासारखा बसायचा. हा माणूस असाच गप्प गप्प होत संपून जाणार, अशी मला भीती वाटायची. आणि भीती वाटली की मी चिडते. त्या दोन महिन्यांत मी आबांवर जेवढी ओरडले तेवढी वर्गातल्या पोरांवर ओरडले नसेन, आणि मी गणित शिकवते.

कार्यक्रमाचं सांगितलं तर आबा म्हणाले, "आभासी म्हंजी? भुताटकी हाय का काय?"

आठवड्यातलं ते त्यांचं सगळ्यात लांब बोलणं होतं. मी लगेच नाव नोंदवलं.

पहिल्या शनिवारी फोन पोह्याच्या डब्याला टेकवून ठेवला. पडद्यावर पंधराएक चौकोन. वाचनालयाच्या अध्यक्षांच्या चौकोनात नुसत्या नाकपुड्या. बावड्याच्या एका गृहस्थांनी कॅमेरा छताकडं लावला होता, त्यामुळं तासभर आम्ही त्यांचा पंखा बघितला. कुणाच्या तरी कुकरनं तीन शिट्ट्या दिल्या. अध्यक्षांनी वाचनसंस्कृतीवर भाषण सुरू केलं आणि त्यांची लाईट गेली. देव आहे म्हणायचा. मग इंदापूरच्या एक निवृत्त शिक्षिका गोष्ट वाचायला लागल्या. वाचायच्या कसल्या, सांगायच्याच. बाजारात विकलेली म्हैस रोज संध्याकाळी जुन्या मालकाच्या दारात येऊन उभी राहते, अशी गोष्ट.

दुसऱ्याच वाक्याला माझ्या शेजारून आवाज आला. "हूं."

आमच्याकडं गोष्ट सांगायची तर ऐकणाऱ्यानं हूं द्यायचा असतो. डाळिंबाच्या शेडमध्ये मोठी फळं इकडं, बारकी तिकडं करत बसलं की कुणीतरी गोष्ट काढायचं आणि कुणीतरी हूं द्यायचं. हूं थांबला की सांगणारा थांबतो, ह्यो झोपला म्हणतो. आबांचा हूं तर गावात नावाजलेला. भीतीचा वेगळा, हसण्याचा वेगळा, 'थापा मारू नगंस'चा वेगळा. दोन महिन्यांनी तो त्यांच्या तोंडून निघाला, तर मला काय वाटावं? लाज वाटली. सरळ सांगते, लाज वाटली. कारण तो हूं पंधराच्या पंधरा घरांत घुमत होता. तेवढ्यात अध्यक्षांची लाईट आली आणि ते म्हणाले, कुणाच्या तरी घरी पेशंट कण्हतोय, त्यांना आधी दवाखान्यात न्या. सगळे हसले. मी अंगठ्यानं आमचा माईक बंद करून टाकला. पन्नास पोरांची तोंडं बंद ठेवायची सवय माझी, त्यात आणखी एक.

आबांना हे सांगितलं नाही. ते हूं देत राहिले.

पुढच्या शनिवारी चारलाच त्यांनी टोपी मागितली. गोष्ट ऐकायला टोपी कशाला, म्हटलं, तर म्हणाले, बाई समोर हायत. मग आठवडाभर बोलणं सुरू झालं. त्या म्हशीवरून माझ्याशी भांडले, मालकच बेअक्कल म्हणाले, भाजीत मीठ कमी पडल्याचंही ऐकवलं. मला एवढा आनंद झाला की मी मीठ कमीच घालत राहिले. एकदा आबा भावाला फोनवर सांगत होते की बाई त्यांच्या हूंसाठी थांबतात, हूं आला की मगच पुढं जातात. मी स्वयंपाकघरात हे ऐकलं आणि चपाती लाटत राहिले. सांगू पुढच्या शनिवारी, असं स्वतःला म्हणायचे आणि शनिवार आला की आधी माईक बंद करायचे. माणूस बोलायला लागलाय, कशाला उगाच घोळ घाला. असे चार शनिवार गेले.

पाचव्या शनिवारी बाई गोष्टीच्या मध्येच थांबल्या. अध्यक्ष आलेच नव्हते. बहुतेक चौकोन काळे होते, सगळ्यांचे माईक बंद.

"आहे का कुणी?" बाईंनी विचारलं. "भिंतीशी बोलल्यासारखं वाटतंय हो. नसेल कुणी ऐकत तर आजच्यानंतर मी थांबते."

आबा डब्याकडं सरकले. "हाय की, बाई. सांगा तुमी."

बाई काहीच बोलल्या नाहीत. आबांनी पुन्हा सांगितलं, आता मोठ्यानं, बागेत हाळी घालावी तसं. पलीकडं बाईंनी उसासा टाकला आणि पुस्तक मिटल्याचा आवाज आला.

आबा माझ्याकडं वळले. डोळ्यांना दिसत नसल्यानं तोंड जरा पडद्याच्या दिशेला गेलं.

"माझा आवाज तिकडं जात न्हाय का?"

नाही, म्हटलं. मी बंद केलाय. कवापासनं, त्यांनी विचारलं. पहिल्या दिवसापासून, मी म्हटलं. मला वाटलं आता शिव्या घालतील. त्यांच्या शिव्या मला पचतात, लहानपणापासूनची सवय आहे.

"डोळं गेलं ते गेलं," आबा म्हणाले. "तोंड तरी ऱ्हाऊ द्यायचं हुतंस."

माझा अंगठा आधी भलत्याच खुणेवर पडला. मग माईक सुरू झाला. बोला आबा, आता जातंय, असं मी हळूच म्हणाले. त्यांनी आधी टोपी सारखी केली.

"बाई, हाय मी," ते म्हणाले. "वरकुट्याचा हाय. पयल्या दिसापासनं ऐकतुया."

बाईंनी पुस्तक पुन्हा उघडलं. मग म्हणाल्या, "पहिल्या दिवशी कुणीतरी छान हूं देत होतं. ते तुम्हीच का? मग एकदम बंदच झालात. मला वाटलं, माझं वाचन आवडलं नाही, उठून गेलात."

मी खाली मान घालून बसले. आबा आता माझं नाव घेणार, आणि घ्यायलाच हवं होतं.

"रेंज गेली हुती, बाई," आबा म्हणाले. "आता आलिया. सांगा तुमी फुडं."